शंभर वॅटचा ऐवज

मोक्याच्या जागांवरचे 50 सोडून दूरदर्शनचे जमिनीवरचे सगळे जुने ॲनालॉग प्रक्षेपक 31 मार्च 2022 पर्यंत बंद करणार, असं प्रसार भारतीनं 2021 मध्ये जाहीर केलं. तोवर त्यातले सुमारे 70 टक्के बंद झालेही होते. तालुक्याच्या गावाबाहेर तारेच्या कुंपणात उभी असलेली 'टीव्ही सेंटरं' अशी गेली. त्यांच्याबरोबर काय काय गेलं, त्याची ही जमेल तेवढी नोंद.

प्रक्षेपक. लोखंडी कपाटात मावणारं यंत्र. शक्ती 100 वॅट, म्हणजे स्वयंपाकघरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. तेवढ्यावर आजूबाजूची दहा-पंधरा किलोमीटरमधली गावं टीव्ही बघत. मध्ये डोंगर आला, की पलीकडचं गाव कोरडं. सरकारी नाव लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र, कर्मचाऱ्यांच्या तोंडी एलपीटी, गावाच्या तोंडी नुसतं 'टॉवर'. पुढे काही ठिकाणी 500 वॅटची यंत्रं आली.

तबकडी. आवारातली जाळीची मोठी डिश, आकाशातल्या एकाच बिंदूकडे तोंड करून बसलेली. 1982 च्या दिल्ली एशियाडसाठी अशी पहिली लहान केंद्रं घाईनं उभारली गेली. ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला आणि मग वेग आला. 1984 च्या उत्तरार्धात काही महिने देशात दिवसाला सरासरी एक केंद्र सुरू होत होतं. त्याच वर्षी जुलैत 'हम लोग' ही मालिका सुरू झाली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंदिरा गांधींची अंत्ययात्रा दिसली. अनेक गावांनी पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो त्या अंत्ययात्रेत.

मनोरा. हा अजून दिसतो, म्हणून मोजदादीत अर्धाच धरायचा. सातारला येताना अजिंक्यतारा किल्ला लांबून ओळखू येतो तो वरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यामुळे. सिंहगडावरचा मनोरा त्याहून जुना आणि ताकदीनंही मोठा. 1973 पासून मुंबईचे कार्यक्रम पुण्याला मिळू लागले ते तिथून. शत्रू कुठून येतो ते पाहायला निवडलेल्या जागा कित्येक शतकांनी टीव्हीच्या लहरींनाही सोयीच्या ठरल्या. गडप्रेमींना हे मनोरे डोळ्यांत खुपतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्या मनोऱ्याचाही आता एक इतिहास झाला आहे. तो उतरवताना त्याची नोंद तरी राहायला हवी.

लॉगबुक. या सगळ्या ऐवजात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वही. केंद्र किती वाजता सुरू, किती वाजता बंद. वीज गेली कधी, जनरेटर चालू केला कधी, डिझेल किती उरलं. व्होल्टेज. आणि दोन आकडे ठरावीक वेळानं: फॉरवर्ड पॉवर, रिफ्लेक्टेड पॉवर. पहिला म्हणजे यंत्रानं अँटेनाकडे धाडलेली शक्ती, दुसरा म्हणजे तिथून उलटून परत आलेली. दुसरा आकडा वाढू लागला, की मनोऱ्यावरच्या केबलमध्ये कुठेतरी पाणी शिरलंय, जोड गंजलाय किंवा अँटेनाला काही झालंय. मग पाऊस थांबायची वाट बघायची आणि कुणीतरी वर चढायचं. बाहेर लोक घराघरात चित्राला मुंग्या आल्या म्हणून टीव्हीच्या पेटीवर थापा मारत असत. खरं कारण या वहीत पेननं लिहिलेलं असे.

याच वहीत वर्षातून दोनदा एक ठरलेली नोंद येई. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तबकडीला उपग्रहाच्या बारीक आवाजाऐवजी सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो आणि भर दुपारी काही मिनिटं चित्र विस्कटतं. त्यावर इलाज नाही, थांबायचं. नेमका तेव्हा क्रिकेटचा सामना चालू असला, की लोक केंद्रावर फोन करत, कुणी सायकल मारत थेट फाटकाशी येई. ड्यूटीवरच्या माणसानं सूर्याचं कारण सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ती टोलवाटोलवी वाटे.

ड्यूटीवरचा माणूस. एक अभियंता, दोन-चार तंत्रज्ञ, एक रखवालदार, एवढ्यांवर केंद्र चाले. रविवारी सकाळी 'रामायण' किंवा 'महाभारत' सुरू असताना सगळा तालुका टीव्हीपुढे आणि हा मीटरपुढे. दिवाळीलाही कुणीतरी हजर लागेच. त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य असं, की ते नीट झालं तर कुणाला कळतच नसे. या लोकांच्या आठवणी कुणी लिहून घेतलेल्या मी पाहिल्या नाहीत.

छपरावरची अँटेना. ॲल्युमिनियमच्या नळ्या, मागे लांब, पुढे आखूड होत गेलेल्या. कौलाला बांधलेला बांबू नाहीतर पाइप. चपटी दुपदरी वायर खिडकीतून आत. पुढची टोकं टॉवरच्या दिशेला हवीत, एवढा एकच नियम. एक जण वर, एक जण अंगणात, एक जण टीव्हीपुढे, आणि 'आलं', 'गेलं', 'जरा डावीकडे', 'बास बास' अशी हाळी. टप्प्याच्या कडेला असलेल्या गावांत अँटेना वीस-वीस फूट उंच जाई, तिला बूस्टर लागे. गावातल्या सगळ्या अँटेना एकाच दिशेला बघत असत, त्यामुळे परक्या माणसालाही टॉवर कुठे आहे ते विचारावं लागत नसे.

लायसन्स. टीव्ही घरात आला की पोस्टात जाऊन परवाना काढायचा आणि दर वर्षी फी भरून पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. 1985 मध्ये ही पद्धत बंद झाली. पुस्तिका काही घरांत रेशनकार्डाबरोबर अजून सापडेल.

प्रक्षेपण तुटलं की पडद्यावर येणारी 'व्यत्यय' ही पाटी. तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय.

ग्रामपंचायतीचा टीव्ही. लाकडी कपाटात, कुलूपबंद, किल्ली शिपायाकडे. समोर सतरंजी. कोण पुढे बसे, कोण मागे आणि कोण दाराबाहेर उभं राही, ते पाहिलं की गावाची रचना कळत असे.

मराठी. हे मात्र सुरुवातीपासूनच कमी होतं. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. मालिकेतला चिमणराव तिथून महाराष्ट्रातल्या घराघरात गेला असं आपण म्हणतो, पण ती घरं मुंबई-पुण्याच्या टप्प्यातली. तालुक्याच्या केंद्राची तबकडी उपग्रहाकडे होती आणि सुरुवातीच्या वर्षांत उपग्रहावरून येई ते दिल्लीचं. खानदेशातल्या नाहीतर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या गावात मनोरा उभा, पण त्यावर त्याच्या भाषेतलं फार थोडं. नव्वदच्या दशकात प्रादेशिक वाहिन्या उपग्रहावर आल्या, तेव्हा केबलवाला गल्लीत येऊन पोचला होता.

आणि आता जे कधी नव्हतंच, त्याचीही नोंद करावी लागेल. या केंद्रांत कॅमेरा नव्हता. मायक्रोफोन नव्हता. वरून आलेलं खाली सोडायचं, एवढंच त्यांचं काम. मनोरा होता, यंत्र होतं, माणसं होती, पाहणारे होते; तालुक्याचा बाजारभाव, पुराचा इशारा, तिथल्या शाळेतलं नाटक यांतलं काहीही त्यावरून कधी गेलं नाही. मला ही सगळ्यात मोठी हानी वाटते, कारण दुसरं काही शक्य नव्हतं असं म्हणायची सोय नाही. शेजारच्या गुजरातेत ते करून दाखवलेलं होतं.

पिज. खेडा जिल्ह्यातलं गाव, अहमदाबादपासून सुमारे 50 किलोमीटर. 1975 मध्ये तिथे एक किलोवॅटचा प्रक्षेपक बसला. स्टुडिओ अहमदाबादला, अवकाश उपयोग केंद्रात. कार्यक्रम संध्याकाळी, गुजरातीत आणि खेडा जिल्ह्यापुरते. संच गावोगाव सार्वजनिक जागी ठेवलेले. दूध संघाचा हा जिल्हा, त्यामुळे गुरांची निगा हा विषय होताच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. शेतमजुरांची किमान मजुरी, जातीवरून होणारा भेद, कुटुंबनियोजन हे विषय मालिकांतून आले आणि गावातलीच माणसं त्यांत कामं करत. देशातल्या 2400 गावांत उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवणारा 'साइट' हा प्रयोग याच अवकाश उपयोग केंद्रानं 1975-76 मध्ये चालवला. त्याची धुरा सांभाळणारे एकनाथ चिटणीस आपले मराठी. पुढे 1981 ते 1985 ते या केंद्राचे संचालक होते. खेडा जिल्ह्यातल्या या कामाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार 1984 मध्ये मिळाला. 1985 मध्ये पिजचा प्रक्षेपक बंद झाला. देशभर मनोरे उभे राहत होते त्याच काळात, स्वतःचं काही बोलणारा हा एक मनोरा गप्प केला गेला.

बालचित्रवाणी. पुण्यातली संस्था, 1984 ची. शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करी. 2017 मध्ये बंद.

लोकल चॅनेल. केबलवाल्याच्या दुकानात एक व्हीसीआर, एक मिक्सर. गणपतीची मिरवणूक, कुस्त्यांचं मैदान, नगरपालिकेची सभा, निधनवार्ता. जे सरकारी मनोऱ्यानं केलं नाही ते यानं तोडकंमोडकं का होईना, केलं. सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाल्यावर, 2017 पर्यंत, यांतली बरीच चॅनेलं गेली. त्यांच्या कॅसेटींवर बुरशी चढली किंवा त्यांच्यावर दुसरं काही टेप झालं. काही गावांच्या विसेक वर्षांच्या मिरवणुका, सभा आणि माणसं त्यांवर होती.

आता दूरदर्शन फ्री डिशवर दिसतं, महिन्याचे पैसे नाहीत, वाहिन्या भरपूर, चित्र स्वच्छ. ॲनालॉग यंत्रं जुनी झाली होती, सुटे भाग मिळत नव्हते, वीज आणि पगार यांवर खर्च होत होता. बंद करण्याच्या निर्णयाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते भंगाराशी. यंत्र वजनावर विकलं जातं आणि लॉगबुकं त्याबरोबर रद्दीत जातात.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात असं केंद्र असेल, तुम्ही किंवा घरातल्या कुणी तिथे नोकरी केली असेल, केबलच्या जुन्या कॅसेटी माळ्यावर असतील, लायसन्सची पुस्तिका किंवा उद्घाटनाचा फोटो असेल, तर हे सगळं गावातल्या सार्वजनिक वाचनालयात द्या. फोटोच्या मागे तारीख आणि गावाचं नाव लिहा. लॉगबुक हाती लागलं तर आधी त्याच्या पानांचे फोटो काढून ठेवा, कागद ठिसूळ झालेला असतो. आणि केंद्रात काम केलेली माणसं निवृत्त होऊन तुमच्याच गावात राहत असतील, तर त्यांच्याकडे या वर्षीच जा.