एकच नाव, दोन मापं

दोस्तांनो, वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की हजेरीला काय गोंधळ उडतो, तुम्हांला ठाऊकच आहे. माझ्या संगणकातही एकदा अगदी तस्संच झालं!

आजोबांच्या दुकानातल्या उधारीसाठी मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक रक्कम चार बाइटांत. त्या मापाला मी नाव दिलं 'इंट३२_टी' आणि ते 'लाँग'पासून बनवलं. जुन्या ३२-बिट संगणकावर लाँग चारच बाइटांचा. सगळं झकास!

पुढे ६४-बिट लिनक्सवर तोच प्रोग्राम कंपाइल करताना 'स्टडइंट.एच' ही तयार हेडर फाइल जोडली. झालं! कंपायलर अडून बसला. म्हणाला, या नावाच्या दोन व्याख्या जुळत नाहीत. त्या फाइलीत तेच नाव 'इंट'पासून बनवलेलं होतं ना!

मी शहाणपणा केला. माझं नाव बदललं. कंपायलर गप्प! पण वही उघडली तर एकेकाच्या नावावर ४२९ कोटींहून जास्त उधारी! आजोबा कपाळाला हात लावून बसले.

कारण काय? इथे लाँग आठ बाइटांचा. त्यामुळे दोघांच्या रकमा एकाच घासात गिळल्या जात होत्या.

मग मात्र माझी व्याख्या पुसली आणि सगळीकडे १९९९ च्या सी-प्रमाणातलं तयार माप वापरलं. हिशेब पैन् पै जुळला.

तेव्हा मित्रांनो, तक्रार करणाऱ्या कंपायलरवर चिडू नका. त्याचं तोंड बंद करण्याआधी तो काय सांगतोय, ते नीट ऐका!