दहिकाल्याची रात्र आणि पखवाज

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात आमचा हंगाम उघडतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या आगेमागे जत्रा सुरू होतात आणि मग वैशाखापर्यंत आज हे गाव, उद्या ते. सोनुर्लीच्या माउलीची मोठी जत्रा असो की एखाद्या वाडीवरची लहानशी, क्रम तोच. दिवसभर ओट्या भरायच्या, नवस फेडायचे. रात्री देवाची पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते आणि पालखी आत गेली की समोरच्या मांडवात दशावतारी नाटक उभं राहतं. ते उजाडेपर्यंत चालतं. शेवटी दह्याची हंडी फुटते, काला होतो आणि जत्रा संपते. आमच्या मालवणीत हा धयकालो.

अशाच एका मंडळात मी पखवाज वाजवतो. पोरवयात झांज धरून बसलो, पुढे पखवाजावर हात पडला, तो आजतागायत तिथेच आहे.

दशावताराबद्दल बाहेर बरंच लिहिलं जातं. पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका, भरजरी मुकुट, नटांनी आपल्या हातानं केलेली रंगरंगोटी आणि मुख्य म्हणजे संहितेवाचून रंगणारे संवाद. सगळं खरं आहे. पण लिहिलेलं काहीच नाही म्हटल्यावर जो प्रश्न पडायला हवा, तो फार थोड्यांना पडतो. पाच-सहा तासांचं नाटक मग भरकटत कसं नाही? प्रवेश कधी आटपायचा, युद्ध कधी लावायचं, लोक पेंगायला लागले तर काय करायचं, हे ठरवतं कोण? माझ्या मते ते रंगमंचाच्या कडेला बसलेले तिघे ठरवतात. पायपेटीवाले बुवा, पखवाजवाला आणि झांजवाला. नट येतात, जातात, आत चहा घेतात, पाय मोकळे करतात. आम्ही नांदीपासून हंडीपर्यंत जागचे हलत नाही. मंडळातल्या माणसांपैकी अख्खं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहणारे आम्हीच.

मंडळ संध्याकाळी गावात पोचतं. पेटारे उतरतात. त्यात देवांची सोंगं असतात, म्हणून आधी पेटाऱ्याला उदबत्ती आणि नमस्कार, मग बाकीचं. पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन नट गावोगाव चालत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण तेव्हाची. आता टेंपो आहे, पण नट तेच आहेत. दिवसा शेतीवाडी नाहीतर नोकरी, रात्री इंद्र किंवा जालंधर. जेवणं झाली की मालक आख्यान सांगतो. कथा कोणती, राजा कोण, राणी कोण, राक्षस कोण, कुठे कुणाची गाठ पडते. तालीम नसते. वाक्यं नटांनी उभ्या उभ्या जुळवायची. त्यांच्यामागे पुराणांचं ऐकलेलं-वाचलेलं भांडार असतं आणि वर्षानुवर्षांची सवय. राजे आणि देव शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, विनोदी पात्रं मालवणी बोलतात. आम्हा वाजवणाऱ्यांना एवढंच कळतं की कुठे कोणतं पद येणार. कधी तेही कळत नाही. रंगवता रंगवताच एखादा नट बुवांना सांगतो, “बुवानू, आज घसो बसलो हा, पट्टी वायच खाली धरा.” झालं. पेटीचा सूर खाली गेला म्हणजे मला पखवाज पुन्हा लावणं आलं.

पखवाज लावणं हे रात्रीचं पहिलं काम. उजव्या बाजूला शाई असते, तिचा सूर पेटीच्या षड्जाला मिळवायचा. वाद्यांखाली, म्हणजे चामडी पट्ट्यांखाली, लाकडी गट्टे असतात. ते हातोडीनं खाली ठोकले की चामडं ताणतं आणि सूर चढतो, वर सारले की उतरतो. डाव्या बाजूला, धुमावर, ताजी कणीक लावतात. कालची वाळलेली कणीक खरवडून काढायची, नवी सैलसर मळायची आणि मधोमध गोल थापायची. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ वाजतो. किती लावायची याचं माप बोटांना कळतं. थाप मारून ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचं. तो खोल, घुमणारा ‘धा’ एकदा मांडवातून बाहेर गेला की दुकानांपाशी रेंगाळणारी माणसं मान वळवतात. खाजं बांधून घेणाऱ्या बायका, भजीच्या कढईभोवतीची पोरं, सगळ्यांना कळतं की आता वेळ झाली.

पण लावून झालं म्हणजे संपलं, असं नाही. मार्गशीर्षात, पौषात आमच्याकडे मध्यरात्रीनंतर दव पडू लागतं. चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो. दुसरीकडे दिव्यांच्या उष्णतेनं कणीक वाळत जाते, तिला मधूनमधून ओलं बोट लावावं लागतं. एकाच वाद्याची एक बाजू भिजते आणि दुसरी सुकते. गट्टे ठोकायला हवेत, पण राणी विलाप करत असताना हातोडी चालवून चालत नाही. मी हशाची वाट बघतो. विनोदी नटानं वाक्य टाकलं आणि मांडव हसला की त्या हशात दोन-तीन ठोके उरकून घेतो. लोकांना ते ऐकूसुद्धा येत नाहीत.

नाटकाचा पहिला भाग आडदशावताराचा. आधी गणपती येतो, सोबत रिद्धी-सिद्धी. मग भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि मग शंखासुर, आमचा संकासुर. काळा अंगरखा, तोंडावर काळा बुरखा आणि मालवणीत तुफान बोलणं. ब्रह्मदेवाचे वेद त्यानं चोरलेले असतात आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. पण मरण्याआधी तो गावाची सगळी खबरबात घेतो. रस्ता का झाला नाही, सरपंच कुठे आहेत, मुंबईहून कोण चाकरमानी आला, कुणाचं लग्न अडलंय. अलीकडे काही मंडळं आडदशावतार आटपशीर करतात किंवा गाळूनच टाकतात आणि थेट आख्यानाला हात घालतात. मला ते पटत नाही. गणपतीच्या संथ पदन्यासात बुवांचा, माझा आणि झांजवाल्याचा हात एकमेकांना मिळतो. शंखासुराच्या उड्यांबरोबर लोकांचंही लक्ष लयीला लागतं. आख्यान सुरू होण्याआधी मांडवाचा एक श्वास व्हावा लागतो, तो इथे होतो. हा भाग कापला की पुढचा तासभर आम्ही थंड मांडवाशी झगडत बसतो.

मग आख्यान. रंगमंचावर एक लाकडी बाकडा, त्यावर कापड. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. राजा प्रवेश करतो, पद म्हणतो आणि बोलायला लागतो. इथून पुढे माझं लक्ष नटाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या आवाजाकडे आणि पायांकडे जास्त असतं. पद येणार असेल तर मुरलेला नट वाक्याच्या शेवटी आवाज हळूहळू पट्टीकडे नेतो. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं, ते प्रेक्षकाला कळू नये. बुवा तेवढ्यात सूर देतात आणि मी समेवर उतरतो. त्रिताल, झपताल, धुमाळी, सगळं लागतं, कारण आमच्या पदांवर संगीत नाटकाची मोठी छाया आहे. संवाद लांबला, नटाला शब्द सुचेनासा झाला तर बुवा अलगद एक सुरावट सोडतात. ती त्याला पदाची वाट दाखवते आणि तो वाचतो. प्रेक्षकांना वाटतं की पद तिथेच ठरलेलं होतं.

माझा सगळ्यात आवडता भाग युद्धनृत्याचा. दोन योद्धे समोरासमोर येतात. हालचाली बसवलेल्या नसतात. कोण जिंकणार एवढंच ठरलेलं असतं. मी मध्यलयीत सुरुवात करतो. ते गोल फिरतात, पाय आपटतात, समेवर तलवारीला तलवार भिडते. मी लय थोडी चढवतो आणि बघतो, दोघांचा दम कुठवर आहे. वर अंगावर जड अंगरखा, डोक्यावर मुकुट, त्यात एखादा पन्नाशीचा. त्याच्या टाचा जमिनीवर जड पडू लागल्या की मी लय तिथेच धरतो. तरणाबांड असेल तर दुगुणीत नेतो. मग तिहाई, एकच बोल तीन वेळा आणि तिसऱ्याच्या शेवटच्या ‘धा’वर सम. पडणाऱ्यानं त्या ‘धा’वर पडायचं. हे जमलं की मांडवातून जो आवाज उठतो, तो टाळ्यांपेक्षा वेगळा असतो. माणसं बसल्या जागी हुंकार देतात.

तीन ते चार ही वेळ सगळ्यात अवघड. पोरं चटईवर झोपलेली, म्हाताऱ्या घोंगड्यात गुरफटलेल्या, मागच्या रांगा विरळ. याच सुमारास आरतीचं ताट फिरतं. बहुधा स्त्रीवेषातला नट ते घेऊन प्रेक्षकांतून जातो आणि लोक यथाशक्ती पैसे टाकतात. नव्या वादकाला वाटतं की आता जोरात वाजवलं की लोक उठतील. तसं होत नाही. जोरात वाजवल्यानं पेंगणारा दचकतो आणि पुन्हा पेंगतो. उलट या वेळी बुवा सूर कमी करतात, मी थाप हलकी करतो आणि करुण प्रवेश लावला जातो. हरिश्चंद्राच्या आख्यानातली तारामती रात्री नवाला रडली तर ती चांगला अभिनय करते, असं लोक म्हणतात. पहाटे चारला, दवानं भिजलेल्या मांडवात, अर्धवट झोपेतून जागं होऊन तिला ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती ते पुसतही नाही. सबंध रात्रीनं तिचं मन सैल केलेलं असतं. हे काम कुठलाही नट एकट्याच्या जोरावर करू शकत नाही.

म्हणून लांबी हा दशावताराचा प्राण आहे, असं मी मानतो. आज स्पर्धा, महोत्सव, शहरांतले प्रयोग यांच्यासाठी आख्यान दोन-अडीच तासांत बसवतात. त्यानं नटांना चार पैसे मिळतात, मुंबईकर चाकरमान्यांच्या मुलांना ही कला दिसते, हे मला हवंच आहे. पण त्या प्रयोगाच्या मापानं जत्रेतलं नाटकही आखूड होऊ लागलं, तर मात्र नुकसान आहे. ट्रिकसीनचंही तसंच. धूर, रंगीत दिवे, अचानक प्रकटणारा नाग, यांना गर्दी होते. ते चालू असताना तिघा वादकांना काम नसतं आणि ते संपल्यावर मोडलेली लय आम्हालाच सांधावी लागते.

खेळ जुना आहे. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये तो कोकणात आणला, अशी परंपरा सांगते. पण दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख येतो आणि समर्थ सतराव्या शतकातच गेले. तेव्हा महाराष्ट्राला हा खेळ त्याआधीच ठाऊक होता, हे उघड आहे. विष्णुदास भाव्यांचं सांगलीचं सीतास्वयंवर १८४३ चं. मराठी रंगभूमीचा इतिहास तिथून मोजणाऱ्यांनी मागे वळून आमच्या मांडवाकडेही पाहावं. २०२५ साली दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटामुळे तसं थोडं झालं. त्या वर्षी खूप लोकांनी मला पहिल्यांदाच या खेळाबद्दल विचारलं.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकतं, तीही मध्यरात्रीपर्यंत. छातीत धडधड भरवणाऱ्या डीजेच्या भिंतींना आवर घालायला हा नियम हवाच. आजारी माणसाची, तान्ह्या बाळाची झोप कुठल्याही उत्सवापेक्षा मोठी आहे. पण आमची नांदीच मुळी मध्यरात्रीच्या सुमारास होते आणि छताला टांगलेल्या दोन माईकांचा आवाज देवळाच्या आवारापुरता असतो. या दोन्हींना एकच माप लावू नये, अशी आमची मागणी आहे. आपल्या बाजूनं आम्हीही काही करू शकतो. कर्णे गावाकडे न लावता आत, प्रेक्षकांकडे वळवायचे. पखवाजासमोर माईक ठेवायचाच नाही. नीट कणीक लागलेल्या पखवाजाला त्याची गरज नसते, आमच्या आधीच्या पिढ्यांनी गॅसबत्तीच्या उजेडात तो तसाच ऐकवला.

आता हाताखाली दोन मुलगे आहेत. शास्त्रीय पखवाज शिकलेले, बोल स्वच्छ, हात माझ्यापेक्षा तयार. त्यांना मी पहिला हंगामभर पखवाज देत नाही, झांज देतो. झांजवाल्याला हात कमी चालवावा लागतो, म्हणून त्याला पाहायला सवड मिळते. कुठला नट थकला की डावा पाय ओढतो, कोण पदाआधी दोनदा घसा साफ करतो, बुवा कोणत्या खुणेनं पद आखूड करायला सांगतात, हे वर्गात शिकवता येत नाही.

ज्यांनी कधी दहिकाला पाहिला नाही, त्यांनी यंदा या. मोठी जत्रा टाळा, लहान गावाची शोधा. तिथे गर्दी कमी आणि बसायला जागा जास्त. जेवून, अंगावर घोंगडं किंवा जाड शाल घेऊन, पालखी निघण्याआधी पोचा. वादक ज्या बाजूला बसतात, त्या बाजूला पुढे बसा. युद्ध लागलं की नटांच्या तलवारींवरून नजर काढून थोडा वेळ पखवाजवाल्याकडे बघा, तो कुणाचे पाय बघतोय ते कळेल. आणि काही झालं तरी हंडी फुटण्याआधी उठू नका. काल्याचा प्रसाद सगळ्यांना मिळतो, पाहुण्याला आधी.