पलीकडं नेणारं गाणं

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या मुलींनी 'बॉबी'तलं 'ना मांगूँ सोना चांदी' निवडलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमच्या अर्नाळ्यात हळदीला बँडवर हे गाणं कितीदा ऐकलेलं. पावलं मुलींना आधीच येत होती. दोन दिवसांनी एका मुलीचे अब्बा शाळेत आले. "मॅडम, हे मूळचं नाचणाऱ्या बायांचं गाणं आहे. आमच्या पोरीला त्यात घेऊ नका."

मी ठामपणे म्हणाले, "तसं काही नाही भाईजान, राज कपूरच्या पिक्चरमधलं आहे." घरी आल्यावर मात्र स्वतःलाच विचारलं, तुला काय ठाऊक? आधी मूळ वाचा, मग मत द्या, हे मी मुलांना रोज सांगते. तेव्हा शोधायला बसले.

'बॉबी' १९७३ चा. शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांचे. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९६३ मध्ये, 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट आला होता. त्यात हे गाणं कोकणीत आहे: 'हांव सायबा पलतडी वयतां'. निर्माते फ्रँक फर्नांड आणि दिग्दर्शक ए. सलाम! हे नाव वाचून मी एकटीच हसले. 'आपल्या पोरींसाठी नको' असलेलं गाणं पडद्यावर आणणाऱ्यांत आपलाच एक माणूस होता.

आणखी मागे गेलं की कार्लुस एउजेनियु फेरैरा भेटतात. त्यांची ही रचना १८९५ मध्ये पॅरिसला छापली गेली. या प्रकाराला देखणी म्हणतात: रचणारे-गाणारे गोव्याचे ख्रिस्ती, आणि गाण्यात हिंदू कलावंतीण. या गाण्यातल्या बायांना नदीपलीकडं दामूच्या लग्नाला जायचंय, वाट ठाऊक नाही. त्या नावाड्याला विनवतात, अंगावरचा एकेक दागिना देऊ करतात. तो नको म्हणतो.

म्हणजे अब्बांचं म्हणणं खरं होतं. मी ओशाळले. पण त्याहून मोठी गोष्ट पुढं लक्षात आली. हिंदीत येताना त्या बाया गळाल्या आणि सोन्याचांदीला दिलेला नकार तेवढा उरला. सुरुवातीला मला बरं वाटलं होतं ते यामुळेच. नाचून पोट भरणारी बाई काढून टाकली की गाणं आपल्या मुलींच्या लायकीचं होतं, हे मीही न बोलता मानलंच होतं. त्या अब्बांनी ते तोंडावर म्हटलं, एवढाच काय तो फरक.

एक शब्द मात्र सगळीकडं टिकला: साहेब. कोकणीत सायबा, हिंदीत साहिबा. उर्दूच्या तासाला मी सांगते, अरबीत 'साहिब' म्हणजे मुळात सोबती; 'सहाबा' त्याच धातूतून आलेला. त्या कलावंतिणी नावाड्याला मालक म्हणून हाक मारत असतील, पण शब्दाच्या पोटात सोबतच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिन्ही टप्पे सांगितले. कलावंतीण कोण, तेही आडपडदा न ठेवता सांगितलं. मग विचारलं, नावाडी सोनं का घेत नाही? कुणी म्हणालं तो चांगला माणूस आहे, कुणी म्हणालं गर्विष्ठ आहे. कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, उधाण असेल. उधाणात पैसे दिले म्हणून काय होडी जाते?"

मला आमचा किल्ला आठवला. लहानपणी अम्मीबरोबर शाहअली-हाजीअलींच्या दर्ग्याला जायचे. गुडघाभर पाण्यातून चालत होडी गाठायची, आणि होडीत त्र्यंबकेश्वराला निघालेल्या बायाही शेजारी बसलेल्या असायच्या. समुद्र खवळला की होडीवाला सगळ्यांनाच परत पाठवायचा. कोण कुठून आली, काय करते, हे त्यानं कधी विचारलं नाही.

संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. "भाईजान, तुमचं बरोबर होतं, मी न वाचता बोलले," म्हटलं, आणि सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. ए. सलाम हे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. नाचायला परवानगी काही मिळाली नाही. पण निवेदन करायला मिळाली.

संमेलनाच्या दिवशी त्या पोरीनं माइकवर गाण्याचा सगळा प्रवास सांगितला. 'कलावंतीण' हा शब्द न अडखळता, न लाजता उच्चारला. तिसऱ्या रांगेत तिचे अब्बा बसले होते. ते उठून गेले नाहीत.