दहा हजार चेंडू

एखाद्या माणसाशी आपली कधी ओळख झालेली नसते, पुढे होण्याची शक्यताही नसते, आणि तरी त्या माणसाला निरोप देताना घसा दाटून येतो. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. पण २४ सप्टेंबर २०२२ च्या संध्याकाळी आमच्या पत्र्याच्या घरात, दादाच्या तडा गेलेल्या मोबाइलसमोर बसून मी रडले. आणि जिच्यासाठी रडले ती त्या वेळी तिकडे लंडनला, लॉर्ड्‌सच्या हिरवळीवर उभी होती. झुलन गोस्वामी तिचं नाव. वीस वर्षं भारतासाठी वेगवान गोलंदाजी करून त्या दिवशी ती शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळत होती.

तिची माझी पहिली भेट (भेटच म्हणते मी!) २०१७ च्या जुलैमधली. मी तेव्हा सहावीत होते. शेजारच्या काकूंच्या घरी टीव्ही होता आणि बायकांचा विश्वचषक चालू होता. उपान्त्य सामन्यात हरमनप्रीत कौरनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा काढल्या, त्या सगळ्या देशाला पाठ आहेत. पण त्याच सामन्यात झुलननं मेग लॅनिंगचा शून्यावर त्रिफळा उडवला, तो चेंडू कितीजणांना आठवतो? मला आठवतो. जगातली सर्वांत भरवशाची फलंदाज म्हणून जिचं नाव घेत ती लॅनिंग, आणि तिच्यामागची यष्टी वाकडी झालेली! उंच, सडसडीत, हाडापेरानं मजबूत अशी ती बाई दोन्ही हात पसरून धावत सुटली, आणि मी काकूंच्या शेणानं सारवलेल्या ओसरीवर उगीचच तीन उड्या मारल्या.

अंतिम सामना आपण इंग्लंडकडून नऊ धावांनी हरलो. त्यातही तिची दहा षटकं, तीन निर्धाव, तेवीस धावा, तीन बळी. सारा टेलर आणि फ्रॅन विल्सन, लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोघी गेल्या. जिंकायला २२९ हवे होते, तीन बाद १९१ पर्यंत आपण पोचलो होतो, आणि मग भिंत कोसळावी तसा डाव कोसळला. त्या रात्री काकूंनी टीव्ही बंद केला तेव्हा मला वाटलं होतं, हिनं तरी आणखी काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी गोलंदाज झाले. म्हणजे आमच्या गल्लीपुरती. काढणी झालेल्या रानात दादा आणि त्याचे मित्र टेनिस बॉलनं खेळत; त्यांच्यात घुसून मी बॉल मागू लागले. पहिले काही दिवस त्यांनी मला चेंडू आणायला पळवलं. पुढे एकदा दादाचाच त्रिफळा घेतला, तेव्हा कुठे माझा नंबर लागला. सातवीत असताना मी शाळेत विचारलं, मुलींचा क्रिकेटचा संघ का नाही? उत्तर आलं, "तुम्ही खो-खो खेळा." खो-खो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते उत्तर ज्या सुरात आलं तो सूर अजून कानात आहे. आठवीत गेल्यावर आईनंही रानात जाणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. सांगायची गरज तिला वाटली नाही आणि विचारायची हिंमत मला झाली नाही. तेव्हा मी गोलंदाज झाले नाही हे आधीच सांगून टाकते. या लेखात माझ्या पराक्रमाची गोष्ट नाही.

गोष्ट आहे ती चाकद्याची. पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं हे गाव. तिथल्या साध्या घरातली झुलन. १९९७ साली डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा. सीमारेषेपलीकडे गेलेले चेंडू परत फेकणाऱ्या मुलींत पंधरा वर्षांची झुलन होती. सामना संपल्यावर कप्तान बेलिंडा क्लार्क आणि तिच्या ऑस्ट्रेलियन पोरी मैदानाला फेरी मारत निघाल्या, आणि चेंडू उचलणाऱ्या त्या मुलीनं ठरवलं की आपणही हेच करायचं. मग रोज पहाटे उठून चाकद्याहून लोकल पकडायची, कोलकात्याच्या विवेकानंद पार्कात सरावाला जायचं आणि परत येऊन शाळा. गाडी चुकली की सराव चुकला.

मी हे दादाच्या मोबाइलवर वाचलं आणि कितीतरी दिवस माझ्या डोक्यात ती गाडीच चालू राहिली. तिनं पुढे काढलेल्या बळींपेक्षा मला ती पहाट जास्त ओळखीची वाटली. बळी काढणं सगळ्यांच्या हातात नसतं. पहाटे उठणं असतं.

तर निरोपाचा दिवस. शनिवार होता. दादा गॅरेजमधून लवकर आला, कारण मी आठवडाभर त्याच्या मागे लागले होते. नाणेफेकीला हरमनप्रीत झुलनला बरोबर घेऊन गेली. त्याआधी खेळाडू घोळका करून उभ्या होत्या तेव्हा हरमनप्रीत तिच्या गळ्यात पडून रडली. एवढी धीट बाई, पण लहान पोरीसारखी! तिकडे कोलकात्यात क्रिकेट शिकणाऱ्या मुलींना एका सिनेमागृहात बसवून हा सामना दाखवत होते. आमचं सिनेमागृह म्हणजे उभ्या ठेवलेल्या तांब्याला टेकवलेला मोबाइल.

भारताचा डाव १६९ त आटोपला. झुलन फलंदाजीला आली तेव्हा इंग्लंडच्या मुली दोन रांगा करून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवत तिला खेळपट्टीकडे जाऊ दिलं. आणि ती पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत! दादा फसकन हसला. मी त्याला चिमटा काढला आणि मग मलाही हसू आलं. एवढा मान देऊन पहिल्या चेंडूवर घरी पाठवायचं, हा क्रिकेटचा स्वभावच म्हणायचा.

अप्पा बाहेर बाजेवर बसले होते. अप्पा साखर कारखान्यावर हंगामी कामगार. गळीत सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून घरी होते. क्रिकेट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असं त्यांचं ठाम मत. पण रात्री जेवण झाल्यावर ते आत आले आणि आमच्या मागे उकिडवे बसले.

"कोण गं ही उंच?"

"झुलन गोस्वामी. आज शेवटचा सामना हाय तिचा, अप्पा."

"सोडती कशापायी? म्हातारी झाली व्हय?"

"एकोणचाळीस वर्सांची हाय."

"मग? मी पंचेचाळिसाचा हाय. मला कोण सोडतंय?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण ते उठून गेले नाहीत. ती धावत येई, उडी घेई, हात उंचावरून खाली येई, आणि अप्पा प्रत्येक वेळी मान पुढे करून बघत. मध्येच मी त्यांना चाकद्याची लोकल, पहाटेचं उठणं, सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "घरच्यांनी धाडलं तिला?" मी म्हटलं, "धाडलं." तिनं दहा षटकं टाकली, तीस धावांत दोन बळी. शेवटचा बळी केट क्रॉसचा, त्रिफळाचीत. एकदिवसीय सामन्यांतला तिचा दोनशे पंचावन्नावा. इतके बळी तोवर जगात कुठल्याच बाईला मिळाले नव्हते.

सामना आपण सोळा धावांनी जिंकला. पण कसा, ते आठवलं की अजून माझा जीव चडफडतो. शेवटची जोडी खेळत असताना दीप्ती शर्मानं, चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडून पुढे गेलेल्या चार्ली डीनला धावबाद केलं. नियमात बसणारंच होतं ते, त्यात दीप्तीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माझं भांडण निराळंच आहे. दुसऱ्या दिवसापासून जिकडेतिकडे तीच चर्चा, खिलाडूवृत्ती होती की नव्हती, हा असं म्हणाला आणि तो तसं म्हणाला. झुलन कोपऱ्यात गेली. वीस वर्षांनी एक दिवस तिच्या एकटीचा आला होता, त्यातलाही अर्धा लोकांनी वादात खर्च केला. आमच्यासारख्या चाहत्यांना नीट निरोपही घेता आला नाही!

तसं तर तिच्या वाट्याला लोकांचं लक्ष कधी वेळेवर आलंच नाही. २००२ साली ती भारताकडून पहिल्यांदा खेळली, तेव्हा बायकांचं क्रिकेट नियामक मंडळाकडे आलेलंही नव्हतं. ते आलं २००६ साली. त्याच वर्षी टाँटनच्या कसोटीत तिनं दोन्ही डावांत पाच-पाच, असे दहा बळी घेतले आणि भारतानं इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. मी त्याच वर्षी जन्मले, म्हणून हा सामना मी माझाच समजते. पण गावातल्या एकाही म्हाताऱ्याला तो आठवत नाही. कपिलदेवचा चषक मात्र सगळ्यांना तोंडपाठ. एकदिवसीय सामन्यांत तिनं दहा हजारांहून अधिक चेंडू टाकले. दहा हजार वेळा मागे चालत जायचं, वळायचं आणि पुन्हा धावत यायचं. समोर मैदान रिकामं असलं तरी. २००५ आणि २०१७, दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचून विश्वचषक हुकला, आणि तो न मिळवताच ती थांबली. मी रडले ते बहुधा यासाठी.

२०२४ च्या जूनमध्ये माझा बारावीचा निकाल हातात होता आणि घरात पेच होता. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. कॉलेज तालुक्याला, चौतीस किलोमीटर. एसटी पहाटे पाच पन्नासला. थोरले चुलते येऊन बसले आणि म्हणाले, "अंधारात एकटी पोरगी गाडीला उभी राहणार? बरं दिसतंय का ते?" आई खाली बघत तांदूळ निवडत होती. मी दाराआड होते. माझ्याजवळ बोलायला काहीच नव्हतं.

अप्पा तंबाखू मळत होते. मळून झाली, चिमूट तोंडात गेली, आणि मग म्हणाले, "ती बंगालची पोरगी जात हुतीच की. पहाटच्या गाडीनं."

चुलत्यांना काही कळलं नाही. "कुठली बंगालची?" असं त्यांनी दोनदा विचारलं. अप्पांनी सांगितलं नाही. सोमवारी ते स्वतः माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आले आणि पुढे महिनाभर येत राहिले.

आता शेवटचं सांगते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील मैदानावर, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि संपायला मध्यरात्र उलटली. मी एकटीच जागी होते. दादा झोपला होता, अप्पा रात्रपाळीला. झुलन तिथे हजर होती. जिंकलेल्या मुलींनी तो चषक नेऊन तिच्या हातात दिला. तिनं तो उचलला आणि ती रडली, मितालीही होती, सगळ्याच रडत होत्या. मी पांघरुणात तोंड खुपसलं, आईला जाग येऊ नये म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजचा तो पहिलाच दिवस होता. दोन-तीन तास डोळा लागला असेल. फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होते, तोच समोरून अप्पा सायकलवरून आले, कारखान्याहून घरी निघालेले. उतरले. त्यांना रात्री कामावरच कुणीतरी सांगितलं होतं.

"जिंकल्या म्हनं पोरी."

"जिंकल्या, अप्पा."

"ती आली हुती का, ती उंच?"

"आली हुती."

"मग कप दिला का न्हाई तिच्याजवळ?"

"दिला. तिच्या हातात दिला."

अप्पांनी मान हलवली. लांबून गाडीचे दिवे दिसले, तसा त्यांनी माझ्या हातातला डबा पिशवीत नीट सरळ करून ठेवला आणि सायकल वळवली.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला