पूर्णा जंक्शन आणि काळी केळी

खरं सांगा, तुमच्या फ्रीजवर आत्ता किती केळी काळी पडताहेत? सोमवारी जिमच्या जोशात डझन आणायची, बुधवारपर्यंत दोन खायची आणि शनिवारी उरलेली कचऱ्यात! माझंही हेच चाललं होतं. मग मी पूर्णेला गेले.

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातलं जंक्शन. मुंबईहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी तुम्ही तिथे. इथून एक लाइन नांदेडमार्गे हैदराबादकडे जाते, दुसरी हिंगोली-वाशिमवरून अकोल्याला. निजामाच्या काळात आलेलं मीटरगेज अकोल्याच्या लाइनवर थेट २००८ पर्यंत टिकलं. गाव वाढलं ते रेल्वेवर. माझे आजोबाही रेल्वेतच होते. टुरिस्ट स्पॉट वगैरे शोधत इथे येऊ नका. पण येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं कालव्याचं पाणी आणि काळी जमीन, त्यामुळे या पट्ट्यात केळीच्या बागा दिसतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी तर नावाजलेलीच.

आत्याकडे मी नऊ वर्षांनी जात होते. घराच्या वाटणीवरून बाबांचं आणि तिचं बोलणं बंद होतं. आमच्याकडे तिचं नावही निघायचं नाही. घरी मी ‘स्टोरीसाठी मराठवाड्यात चाललेय’ एवढंच सांगितलं होतं.

आत्याच्या स्वयंपाकघरात टोपलीत सहा केळी, साफ काळी. मी मदत म्हणून विचारलं, “आत्या, ही टाकून देऊ?”

“कामून टाकायलीस? आत्ता तर कामाची झाली ती!”

मग सुरू झाला कुकरमधला केक. ओव्हन नाही, मिक्सर नाही. तीन केळी हाताने कुस्करली. त्यात अर्धी वाटी साखर, पाव वाटी तेल, तेवढंच दही, दीड वाटी कणीक, पाऊण चमचा सोडा आणि वेलदोडा. कुकरच्या तळाशी वाळूचा थर, त्यावर जाळी, जाळीवर तेल लावलेला डबा. शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, पाणी अजिबात घालायचं नाही. मंद गॅसवर पाऊण तास. सुरी खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं.

काळंच केळं का? केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. म्हणून काळं केळं जास्त गोड, मऊ आणि वासाला दांडगं. दह्याचा आणि केळ्याचा आंबटपणा सोड्याला भेटला की गॅस तयार होतो आणि केक फुगतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत हाच बनाना ब्रेड घराघरांत रुळला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये निम्म्या जगाने तो भाजला. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त केळं टाकवत नव्हतं.

आता खरा वाद. शिजलेलं फळ! सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं असतंच, पण बाबा त्याचे तुकडे वेचून द्रोणाच्या कडेला लावतात. शिकरण वाटीभर खातील, पण ‘गरम केळं’ म्हटलं की तोंड वाकडं. उलट माझी केरळची कलीग नाश्त्याला उकडलेलं नेंद्रन केळं खाते आणि पळमपोरी म्हणजे केळ्याची भजी दिसली की मीटिंग विसरते. मंगळुरी बन्समध्येही पिकलेलं केळंच असतं. मी मधली आहे. शिऱ्यातला बुळबुळीत तुकडा मलाही नको, पण पिठात पूर्ण विरघळलेलं केळं चालतं. चालतं काय, आत्याच्या हातचे तीन तुकडे मी उभ्याउभ्या संपवले.

निघताना तिने उरलेला केक स्टीलच्या डब्यात भरला. “दादाला दे,” म्हणाली. आणि लगेच, “नाही खाल्लं तर तूच खा.”

घरी आल्यावर बाबांनी डबा ओळखला. आजीचं नाव कोरलेला होता. काही न बोलता त्यांनी कडेचा खरपूस तुकडा मोडला.

“केळं आहे यात?”

“आहे.”

“कळत नाही.” मग दुसरा तुकडा. “सोडा जास्त झालाय. पहिल्यापासून हात सैल तिचा. सांग तिला.”

“तुम्हीच सांगा,” म्हणत मी नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

चार मिनिटं बोलले दोघं. सोडा, गुडघेदुखी आणि पूर्णेचं ऊन. वाटणीचा विषय निघाला नाही, तो अजून तसाच आहे. पण पुढच्या महिन्याचं देवगिरीचं रिझर्व्हेशन या वेळी दोन सीटांचं आहे. डबा परत करायला नको का?

तेव्हा या शनिवारी कचऱ्याचा डबा उघडण्याआधी जरा थांबा. कुकर तर तुमच्याकडेही आहेच!