कुरुंद्याची जीप आणि तिचा मागचा बंपर

कुरुंद्याला आलेल्या पाहुण्याला लोक आधी टोकाईचा डोंगर दाखवतात आणि मग हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर तिचा रुबाब काही विचारू नका! पण या गावाची खरी ओळख करून घ्यायची, तर आषाढात एकदा पांदणीने चालावे. काळी माती ती! उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, आणि दोन पाऊस झाले की पाऊल उचलावे तर चप्पल मागेच राहते. २०२२ च्या जुलैत तर अतिवृष्टीने पुराचे पाणी गावातच शिरले होते. अशा मुलखात जुनी जीप ही चैन नव्हे. आजाऱ्याला डांबरी सडकेपर्यंत पोचवायचे, तर अख्खी आळी तिच्याकडेच पाहते.

अशाच एका जीपला मागचा बंपर बसवण्याचे काम पत्र्याच्या शेडखाली चालले होते. जीपचे मालक, पुण्याला शिकणारा त्यांचा मुलगा आणि मिस्त्री, अशा तिघांचा त्यावर वाद जुंपला होता. मुलाला शहरातल्या नव्या गाड्यांसारखा चकचकीत नळीचा बंपर हवा होता.

"आबा, दिसायलाही काही पाहिजे की!"

"चिखलात कोण बघायलंय त्याला?" आबा म्हणाले.

खरे तर युद्धकाळातल्या मूळ जीपला मागे अखंड बंपर नव्हताच. दोन बाजूंना दोन आखूड तुकडे आणि मधे ओढण्याचा भक्कम आकडा. जीपच्या मागच्या अंगाचे खरे काम धक्का खाणे नव्हे, ओढणे, हे त्या लोकांनी ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्रांनी मुंबईत माझगावला जिपा जोडायला घेतल्या आणि हे वाहन आपल्या खेड्यापाड्यांतून पोचले.

मिस्त्रीने चार इंची चॅनेल पसंत केले. जीपच्या रुंदीएवढा तुकडा तेरा-चौदा किलो भरतो. याहून जड लोखंड मागे लादले तर कमानपाटे कुरकुरतात. दोन्ही टोके त्याने खालून तिरपी कापली, कारण बांध चढून उतरताना सरळ टोक मातीत घुसते. पण त्याचे सारे लक्ष जोडावर होते.

"मालक, पत्र्याला बांधला तर गाडी चिखलातच राहील अन् पत्रा तेवढा हातात यील. आकडा चासीलाच पाहिजे."

चासीवर वेल्डिंग मात्र त्याने केले नाही. तापवलेले लोखंड जोडाशेजारी कच्चे पडते, म्हणून आतून जाड पट्टी देऊन त्याने पोलादी बोल्ट आवळले. नंबराची पाटी आणि तांबडे दिवे झाकले जाणार नाहीत, हेही पाहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने पुढच्या दणकट गार्डांविरुद्ध राज्यांना पत्रही पाठवले. ते मला योग्यच वाटते. अशा लोखंडापुढे पायी चालणाऱ्याची धडगत नसते. मागच्या बंपरालाही हात घालण्यापूर्वी आरटीओत विचारून घेणे बरे.

शेवटी रंग काळा ठरला. मुलाने स्वतःच्या पैशाने दोन टोकांना रात्री चमकणाऱ्या तांबड्या पट्ट्या चिकटवल्या, त्याला आबांनी हरकत घेतली नाही.

ओढ्याकाठी शेजाऱ्याची रिकामी ट्रॉली रुतली होती. साखळी अडकवली. तुटलीच तर उसळू नये म्हणून आबांनी तिच्यावर ओले पोते टाकले आणि पोरांना लांब पिटाळले. जीप थरथरली, चाके दोनदा जागीच फिरली, आणि ट्रॉली हळूहळू वर आली. पोरांनी एकच गिल्ला केला. मिस्त्री मात्र पाना घेऊन गाडीखाली शिरला आणि एक बोल्ट अर्धा आटा आणखी आवळून बाहेर आला. आबांनी पैसे मोजले ते त्यानंतर.