मामूंची खोली

मामूंची गाडी दिव्यात आली त्या दिवशी आगासन रोडवर बराच वेळ वाहतूक अडली. टेम्पोवर दोरखंडाने बांधलेली, पांढरी, अंड्यासारखी गोलसर, दोन खिडक्यांची अख्खी खोलीच. मागे पोरं धावत होती. कुणीतरी ओरडलं, पाण्याची टाकी आली! दिव्यात ही साधी बातमी नव्हे. चार बायका चपला न घालताच खाली उतरल्या आणि खिडक्या पाहून हिरमुसल्या होऊन परत गेल्या.

आम्ही दोघं बहीणभाऊ. थोरली मुंब्र्याच्या एका उर्दू शाळेत शिकवते, म्हणून लिहायचं काम तिच्या वाट्याला आलं. धाकटा फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो, म्हणून बाकीचं सगळं काम त्याच्या वाट्याला. मामू आमचे श्रीवर्धनचे. कुवेतमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं काढली. थोरलीच्या बी.एड.ची फी तिथूनच आली होती आणि त्या पैशांचा विषय मामूंनी कधी तोंडातून काढला नाही. त्यांच्यासमोर आम्ही तो काढला की ते मासळीचा भाव विचारायचे.

तिकडे कंपनीने त्यांना ठेवलं होतं अशाच एका केबिनमध्ये. एका केबिनमध्ये आठ माणसं, वर-खाली खाटा. २०११ साली ते कायमचे परत आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता घर वाढवतील. मामूंनी होड्यांना फायबर मारणारा एक कारागीर गाठला आणि त्याला सांगितलं, मला चाकांवरची खोली करून दे. जीपला मागे अडकवायची आणि जायचं. मुमानी म्हणाल्या, "एकोणीस वर्षं डब्यात राहून जीव भरला नाही का तुमचा?" मामू म्हणाले, "तो डबा दुसऱ्याचा होता."

कारागिराला होडीच करता येत होती, म्हणून त्याने होडीच्याच रीतीने गाडी केली. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिला रेझिन पाजायचं, थरावर थर चढवायचा. खालचा अर्धा भाग वेगळा, वरचा वेगळा, आणि मग दोन्ही कमरेला जोडायचे. पुढे आम्हाला कळलं की कॅनडात विनिपेग शहरी रे ओलेको नावाच्या माणसाने १९६८ साली ‘बोलर’ ही सहलीची गाडी याच पद्धतीने केली होती. त्याआधी तो फायबरच्या सेप्टिक टाक्या बनवत असे. म्हणजे आगासन रोडवरच्या लोकांनी टाकी म्हटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं!

त्या गाडीतून आम्ही हरिहरेश्वर पाहिलं, दिवेआगर पाहिलं. एकदा मुमानींच्या हट्टापायी महाबळेश्वरलाही निघालो, तर घाटात जीप इतकी तापली की ती रात्र रस्त्याकडेलाच काढली. आत मामू-मुमानी झोपायचे, आम्ही बाहेर ताडपत्रीखाली. पाऊस आला की सहाजण आत बसून भजी खायचो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनची सुपारी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मामूंच्या घरावरची अर्धी कौलं उडाली आणि एक पोफळ गाडीच्या टपावर पडली. लॉकडाऊन असल्याने आम्हाला जाता आलं नाही. पुढच्या वर्षी मामू गेले. २०२१ हे तेच वर्ष, ज्यात राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मामूंनी ते वर्तमानपत्रात वाचलं असतं तर कात्रण काढून मुमानींच्या उशाशी ठेवलं असतं.

मुमानींना मूलबाळ नाही. २०२२ च्या दिवाळीत दिवा स्टेशनवरून सावंतवाडी पॅसेंजर धरून आम्ही माणगावला उतरलो, तिथून म्हसळ्यावरून एसटीने श्रीवर्धनला गेलो. घराच्या अर्ध्या छपरावर अजून प्लास्टिकच होतं. मुमानी म्हणाल्या, "गाडी विका. कौलं घाला." दिव्यातल्या एका चहावाल्याला चाकांवरची केबिन हवीच होती. चांगली करून दिलीत तर सत्तर हजार देतो म्हणाला, पाच हजार बयाणाही दिला. पावसाळ्याआधी ताबा द्यायचा होता.

टपावर हातभर लांबीची चीर होती. चीर म्हणजे काय मोठंसं, असं आम्हाला वाटलं. पण आत शिरून बॅटरी मारली तेव्हा दोघंही गप्प झालो. छताला, बरोबर त्या चिरेच्या काठाशी, पारदर्शक रेझिनखाली कागदाची एक पट्टी होती. होडीवाले नंबराचा कागद असा थराखाली घालतात, तशी मामूंनी घातली असावी. मामू श्रीवर्धनच्या मराठी शाळेत शिकलेले, अक्षर वळणदार. लिहिलं होतं : ‘कुवेत, खोली १४, आठ माणसं. ही आपली.’ चीर ‘आपली’च्या शेजारून गेली होती.

इतक्या वेळा त्या छताखाली बसून भजी खाल्ली, पण आम्ही मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं.

मग आम्ही जे केलं ते करायला नको होतं. चिरेत बाहेरून एम-सील भरलं, वर लांबी मारली, पॉलिश पेपरने घासलं, पांढरा रंग दिला. आतल्या कागदाला धक्का लावला नाही. चहावाला येऊन बघून खूश झाला. आम्हीही खूश होतो, पण एकमेकांकडे बघत नव्हतो.

एप्रिलमध्ये गाडी करणारा तो कारागीर मुंब्र्याला लग्नाला आला आणि वाट वाकडी करून आमच्याकडे आला. खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि टपावर टकटक करत निघाला. टण, टण, टण. आमच्या रंगाजवळ आल्यावर आवाज बसला. थप, थप. दोन्ही बाजूंना वीतभर तसाच थप. "थर सुटलेत," तो म्हणाला. "तीन पावसाळ्यांचं पाणी प्यायलंय. चहावाल्याच्या डोक्यावर येईल एक दिवस."

"मग काय करायचं?"

"कापायचं."

फायबरची दुरुस्ती ही भरण्यापेक्षा काढण्याची गोष्ट आहे, हे त्याने पुढच्या तीन रविवारांत आम्हाला शिकवलं. सुटलेला सगळा भाग काढून टाकायचा. मग उरलेली चांगली कडा ग्राइंडरने उतरती घासायची, जाडीच्या बारा पट रुंद. टप चार मिलिमीटरचा, म्हणजे चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर धडधाकट फायबरसुद्धा घासायचं. नवा थर जुन्यावर नुसता चिकटतो, त्यात मिसळून जात नाही. म्हणून त्याला बसायला रुंद उतार लागतो. उभ्या काठाला लावलेलं ठिगळ गाडी हलली की सुटतं.

त्या पाच सेंटिमीटरात मामूंचा कागद येत होता.

ग्राइंडर बंद करून आम्ही मुमानींना फोन लावला. त्यांना कागदाचं ठाऊक होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. फक्त वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "आठ नव्हते, नऊ होते. एकजण जमिनीवर झोपायचा. मला पत्रात लिहिलं होतं." पुन्हा थोडं थांबून म्हणाल्या, "घासा."

धाकट्याने घासलं. थोरलीने बॅटरी धरली. काचेची धूळ मास्कमधूनही नाकात गेली, अंगाला दोन दिवस खाज सुटत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींनी विचारलं, "टीचर, आँखें क्यों लाल हैं?" फायबरची धूळ, असं सांगितलं. खोटं नव्हतं.

भाग पूर्ण सुकू दिला, ॲसिटोनने पुसला. आतून पत्र्याचा आधार लावला आणि बाहेरून साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचे चार थर चढवले, प्रत्येक साधारण मिलिमीटरभर भरतो. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट नीट मिसळायचा, मगच हार्डनर, शंभराला एक-दोन ग्रॅम. हे दोन्ही थेट एकत्र ओतले तर स्फोट होऊ शकतो. हे सांगताना कारागिराने आम्हा दोघांचे कान खरोखरच धरले. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. धाकटा घाईत, थोरली हात धरून मागे ओढणारी. मगमधलं उरलेलं रेझिन आपोआप तापून धुरायला लागलं तेव्हा शेजारच्या चाचींनी बादलीभर पाणी आणलं, तेही टँकरचं!

पुन्हा नाणं. टण, टण, टण.

मागच्या भिंतीत मात्र तळहाताएवढ्या जागी आवाज अजून बसका होता. आतलं प्लायवूड काळं पडलेलं. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडायला ना दिवस होते ना पैसे. ते झाकता आलं असतं. रंग उरला होता. आम्ही चहावाल्याला बोलावलं, नाणं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच वाजवा. टपाच्या पहिल्या रंगाखाली काय होतं तेही सांगितलं. त्याने दहा हजार कमी केले. मुमानींना साठ गेले. कौलं झाली, पडवी राहिली. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. धाकटा मात्र अजून म्हणतो, पडवी आपल्या खिशातून करायला हवी होती. थोरलीला ते पटतं, पण पगारात बसत नाही.

गाडी आता चहाची आहे. थोरली सकाळी लोकल पकडायच्या आधी कधीमधी तिथे थांबते. आत जिथे कागद होता तिथे चहावाल्याने भावाची पाटी टांगली आहे. मागच्या भिंतीवर तळहाताएवढ्या जागेभोवती त्याने खडूने गोल काढून ठेवलाय. विचारलं तर म्हणाला, "पावसाळा गेला की उघडणार. तुमचा तो कारागीर कधी येतोय?"